विश्वसनीय सूत्रांकडून

वस्तादांच्या दुकानात दाढीला येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना घरी दाढी करायला काही अडचण नव्हती. ते यायचे बातमी ऐकायला.

सकाळी साडेसातला वर्तमानपत्र पडायचं. वस्ताद पहिल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, गालाला फेस लावायचे आणि फेस मुरेपर्यंत तिसरं पान उघडून उभ्यानं वाचायचे. तिसरं पान म्हणजे खून, दरोडे, विषप्रयोग, पळवापळवी. राज्यकारभाराचं पहिलं पान आरशाखाली अंथरलं जायचं, कंगवे ठेवायला. वाचनही साधंसुधं नसे. इन्स्पेक्टरचा आवाज जाड, साक्षीदाराचा चिरका, आरोपीचा घोगरा. बाकावरची मंडळी हातातला चहा विसरायची. एकदा तर खुर्चीतल्या माणसाच्या गालावरचा फेस सुकून पापुद्रे निघाले, तरी तो म्हणाला, "वस्ताद, दाढी राहू द्या, आधी ती सासू सापडली का सांगा!"

हा वारसा वडिलांचा. वडिलांच्या वेळी गल्लीत वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि वर्तमानपत्रात गुन्ह्याची बातमी म्हणजे तळाशी चार ओळी. 'काल पुलाखाली एक इसम मृत आढळला. चौकशी चालू आहे.' बस्स. वडील त्या चार ओळी दोनदा वाचायचे, कारण एकदा ऐकून लोकांचं पोट भरत नसे. मग शहरात दुसरं वर्तमानपत्र निघालं आणि त्यानं एका विषप्रयोगाच्या खटल्याची हकिगत रोज पानभर द्यायला सुरुवात केली. कोण काय बोललं, आरोपीण कधी रडली, कधी रडायला हवं होतं तरी रडली नाही, शाल कुठल्या रंगाची होती. शेवटी 'पुढील जबानी उद्या'. लोक कोर्टावर असे लोटले की कठड्याचे गज वाकले आणि न्यायाधीशांनी दारं लावून घेतली. त्या महिन्यात वडिलांनी दुकानात दुसरं बाकडं आणलं. पहिल्या वर्तमानपत्रानं काय करावं? तेही त्याच वाटेनं गेलं. पुढे चित्रं आली, मग फोटो आले, मग टोपणनावं आली. आईबापांनी ठेवलेलं नाव मागे पडायचं आणि वर्तमानपत्रानं ठेवलेलं जन्माला चिकटायचं.

वस्तादांच्या स्वतःच्या काळात असा एक 'कात्रीवाला' झाला. दोन दुकानं सोडून राहणारा शिंपी. भागीदाराच्या खुनाचा आळ आला, वर्तमानपत्रानं नाव ठेवलं, आणि वस्तादांनी तीन आठवडे ती हकिगत वाचून दाखवली. खुनाचा प्रसंग आला की ते हातातली कात्री हवेत दोनदा वाजवायचे, कचक् कचक्, आणि दुकान हसून लोटपोट व्हायचं. शिंपी निर्दोष सुटला. सुटल्यावर एका सकाळी केस कापायला आला. वस्तादांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

शिंपी म्हणाला, "थांबलात का? वाचा की. मी पुढे काय केलं ते मलाही कळू दे."

वस्ताद ओशाळले, पण दोन दिवसच. शिंप्याकडे कोणी कापड टाकेना, तो दुकान बंद करून गेला, आणि तिसऱ्या पानावर नवीन खून आला.

त्या पानाचा बातमीदार वस्तादांचा जिवलग म्हणावा असा. पंधरा वर्षांपूर्वी तो नोकरीच्या मुलाखतीला निघालेला, भेदरलेला, उसवलेल्या कोटाचा तरुण होता. वस्तादांनी त्याची दाढी केली, कोटाला दोन टाके घातले आणि म्हणाले, "मान वर ठेवून बोला, नोकरी तुमचीच." नोकरी लागली. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी, दुकान रिकामं असताना, तो यायचा. तोंडाला फेस असला की माणसाला बोलता येत नाही, ऐकावंच लागतं. वस्ताद बोलायचे. कोणाच्या घरी भांडण झालं, कोण भाडेकरू भाडं न देता पळाला, कोणाच्या दारात पोलीस आले. चार दिवसांनी त्यातलं काही तिसऱ्या पानावर उतरलं की वस्तादांची छाती फुगायची. ते कोणाला सांगत नसत, पण वाचताना त्या ओळीवर आवाज जरा चढायचा.

दुकानाच्या वर दोन खोल्यांत वस्ताद, त्यांची बायको आणि धाकटी बहीण राहायची. आईवडील गेले तेव्हा बहीण नऊ वर्षांची होती. वस्तादांनी तिला वाढवलं, शिकवलं, नर्स केलं. चाळिशीला आली तरी घरात तिचं नाव धाकटीच. गेली चार वर्षं ती एका श्रीमंत आजीबाईंकडे होती. आजीबाईंचं अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. धाकटी त्यांना उठवायची, न्हाऊ घालायची, भरवायची, औषधाचे थेंब मोजून द्यायची. आजीबाईंचा एक पुतण्या होता, तो महिन्यातून एकदा येऊन खिडक्या उघडून जायचा.

एका पहाटे आजीबाई झोपेतच गेल्या. डॉक्टरांनी येऊन कागदावर सही केली. पण पुतण्याला शंका आली, की झोपेचे थेंब जास्त तर पडले नाहीत? पोलिसांनी धाकटीला बोलावलं, दोन तास प्रश्न विचारले आणि इन्स्पेक्टर म्हणाला, "जा बाई घरी. म्हाताऱ्या माणसाचं काय, आज आहे उद्या नाही."

धाकटी घरी आली ती थेट खाली दुकानात. दुपारची वेळ होती, कोणी नव्हतं. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

"दादा, एक गोष्ट मी पोलिसांना नाही सांगितली."

वस्तादांनी दार लोटून घेतलं. "काय?"

"आदल्या संध्याकाळी फार हाल चालले होते रे त्यांचे. श्वास लागलेला, डोळ्यांतून पाणी. मी पाय चोळत बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, 'देवा, सोडव एकदाचं हिला.' आणि सकाळी त्या गेल्याच. चार वर्षं केलं आणि शेवटी माझ्या तोंडून हे निघावं?"

"वेडी आहेस. सगळेच म्हणतात असं. आई गेली तेव्हा मीही म्हटलं होतं."

"कोणाला सांगू नकोस. वहिनीलासुद्धा नको."

"नाही सांगणार."

आणि वस्तादांनी बायकोला खरंच सांगितलं नाही.

पण पुतण्या गावभर बोलत सुटला. दुकानात कुजबुज ऐकू येऊ लागली. वस्ताद आत आले की बाकावरचं बोलणं तुटायचं. त्यांना वाटलं, आपल्या ओळखीचा एवढा मोठा माणूस आहे, त्यानं चार चांगल्या ओळी लिहिल्या तर लोकांची तोंडं बंद होतील. गुरुवारी बातमीदार येऊन बसला तसे ते म्हणाले, "साहेब, पंधरा वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नाही. माझ्या बहिणीबद्दल दोन शब्द लिहा."

बातमीदारानं डोळे उघडले. "सांगा ना, वस्ताद. सगळं सांगा."

वस्तादांनी सांगितलं. तिनं चार वर्षं कशी सेवा केली, स्वतःची आजारपणं कशी अंगावर काढली. बहिणीचं मन किती मऊ आहे हे पटवायला त्या संध्याकाळची गोष्टही सांगितली. "पाय चोळता चोळता म्हणाली, देवा, सोडव एकदाचं हिला. परक्या बाईसाठी डोळ्यांत पाणी आणून. पोलिसांनाही नाही सांगितलं, फक्त मला. अशी आहे आमची धाकटी." उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, पण वस्तादांनी जीभ विचार करून उचलली होती. त्यांना ती गोष्ट खरोखर सुंदर वाटत होती.

"फोटो आहे का?" बातमीदारानं तोंड पुसत विचारलं. "फोटो असला की वाचणाऱ्याला माणूस जवळचा वाटतो."

वस्ताद वर गेले आणि भिंतीवरची तसबीर काढून घेऊन आले. धाकटीला नर्सचं प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशीचा फोटो. ती खळखळून हसत होती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून वस्ताद उभे होते.

शनिवारी वर्तमानपत्र आलं. वस्तादांनी त्या दिवशी फेस जरा घाईनंच लावला. दुकानात पाच माणसं होती. "ऐका हो," ते म्हणाले, "आज आमच्या घरचं आहे." त्यांनी पान उघडलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात मथळा वाचला:

"'देवा, सोडव एकदाचं हिला!' दुसऱ्या दिवशी वृद्धा मृत. 'सोडवणारी' नर्स अद्याप मोकळीच!"

पुढचं त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. डोळे तेवढे खाली सरकत गेले. पोलिसांपासून काय लपवलं गेलं. विश्वसनीय सूत्रांकडून काय कळलं. थेंबांची बाटली कोणाच्या ताब्यात होती. मध्यभागी धाकटीचा फोटो. वस्तादांना कापून टाकलं होतं. फक्त त्यांचा हात राहिला होता, मनगटापर्यंत, तिच्या खांद्यावर. खाली छापलं होतं, 'हीच ती हसरी नर्स'.

खुर्चीतला माणूस उठला, टॉवेलनं फेस पुसला आणि अर्धीही न झालेली दाढी घेऊन निघून गेला. त्याच्यामागून बाकीचे. वस्तादांना आठवलं, एके काळी याच बाकावर बसून ही माणसं कात्री वाजली की पोट धरून हसायची.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर धाकटी उभी होती. मथळा तिनं ऐकला होता. वस्तादांचा आवाज कोपऱ्यावर जायचा, जिन्यावर कसा नाही जाणार?

"दादा," ती म्हणाली, "हे मी फक्त तुला सांगितलं होतं."

"धाकटे, मी चांगल्यासाठी..."

"फक्त तुला." एवढं बोलून ती वर गेली.

दोन दिवसांत सगळं शहर तिला ओळखायला लागलं. फोटोतलं हसू लोकांना जास्त बोचलं. 'म्हातारी मेली आणि ही बघा कशी दात काढतेय', असं म्हणताना फोटो अठरा वर्षांपूर्वीचा आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं आली. एकानं लिहिलं, आमच्या आईलाही अशीच नर्स होती, आता आम्हाला संशय येतो. दुसऱ्यानं विचारलं, पोलीस झोपले आहेत काय? दारावर कोणीतरी खडूनं मोठ्या अक्षरांत 'सोडवणारी' लिहून गेलं. वहिनीनं ते पुसलं, दुसऱ्या दिवशी परत लिहिलेलं. मंगळवारी सकाळी तोच इन्स्पेक्टर आला. खाली मान घालून म्हणाला, "बाई, चला. वरून फार दबाव आहे." धाकटीनं दोन साड्या पिशवीत भरल्या. वहिनी तिच्या गळ्यात पडून रडली. वस्ताद जिन्याखाली उभे होते, त्यांच्यासमोरून ती गेली, पण बाजूला भिंत असावी तशी.

त्या दुपारी वस्ताद वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. लांबलचक खोलीत शाईचा वास, टंकयंत्रांची टकटक, आणि बातमीदाराच्या टेबलाखाली पत्रांचं एक पोतं. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला.

"साहेब, हे काय केलंत?"

"वस्ताद, खरं सांगा. एक अक्षर तरी खोटं आहे का त्यात? ती म्हणाली ना तसं?"

"म्हणाली. पण तसं नाही म्हणाली."

"कसं म्हणाली ते छापता येत नाही हो. काय म्हणाली तेवढंच छापता येतं." आवाजात कुठेही उर्मटपणा नव्हता, उलट समजूत घालण्याचा सूर होता. "आणि तुमचं नाव कुठं आलं का? मी मुद्दाम 'विश्वसनीय सूत्रांकडून' लिहिलं. फोटोतूनही तुम्हाला काढायला लावलं. तुमच्यावर शिंतोडा उडू दिला नाही."

"मी तिचा भाऊ आहे," वस्ताद म्हणाले. "सूत्र नाही."

बातमीदार खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "पंधरा वर्षं तुम्ही मला लोकांच्या घरातलं सांगत आलात. त्यांचेही कोणी भाऊ असतील, बहिणी असतील. तेव्हा नाही तुम्ही विचारलंत, 'साहेब, हे काय केलंत.' मला वाटलं, तुम्हाला माझा धंदा कळतो."

वस्तादांच्या कपातल्या चहावर साय धरली.

"आता असं करू," बातमीदार म्हणाला. "ती सुटून आली की तिची बाजू छापू. तिच्याच शब्दांत. रोज एक भाग, आठवडाभर. लोक रडतील, लिहून देतो. फक्त ती दुसऱ्या कोणाशी बोलायच्या आत मला भेटली पाहिजे. तुम्ही आणाल ना?"

आणि वस्ताद म्हणाले, "आणतो." घरी आल्यावर हे त्यांनी स्वतःच बायकोला सांगितलं. बायको लसूण सोलत होती, तिनं सुरी खाली ठेवली.

"त्या माणसानं केसानं गळा कापला तुमचा," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याला विचारताय, साहेब, मान कुठल्या बाजूला करू?"

अकराव्या दिवशी धाकटीला सोडलं. बाटलीतलं औषध मोजून, तपासून झालं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं तितकेच थेंब कमी होते, एकही जास्त नाही. पुतण्यानंही तक्रार मागे घेतली. ही बातमी सातव्या पानावर आली, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीशेजारी. वस्तादांनी ओळी मोजल्या. चार होत्या.

धाकटी घरी आली, अंघोळ केली, जेवली. वस्ताद समोर बसले. बायकोनं डोळ्यांनी नको म्हटलं, तरी त्यांनी विषय काढलाच. "धाकटे, तो म्हणतोय तुझी बाजू छापतो. सगळं तुझ्याच शब्दांत. लोकांना कळेल तरी खरं काय ते."

तिनं ताट पुसून बोट चाटून घेतलं. रागावली नाही. खूप दमलेल्या माणसासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"माझे शब्द छापले ना त्यानं. चारच होते," ती म्हणाली. "आता माझ्याजवळ उरले नाहीत."

आठ दिवसांनी ती गेली. कुठे, ते फक्त वहिनीला माहीत होतं, आणि वहिनीनं नवऱ्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बातमीदार पुढच्या सोमवारी नेहमीच्या वेळी आला, काहीच घडलं नसल्यासारखा खुर्चीकडे वळला. दुकान रिकामं होतं. वस्ताद म्हणाले, "जागा नाही." त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, वस्तादांकडे पाहिलं, आणि गेला. कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात जाऊ लागला. तिथलाही मालक बोलका होता.

वस्तादांनी वाचन बंद केलं. लोक काही दिवस आले, मग ज्यांना नुसतीच दाढी हवी होती तेवढे उरले. एकदा परगावचा एक माणूस खुर्चीत बसला. वस्तरा गालावरून फिरत असताना गप्पा म्हणून म्हणाला, "तुमच्याच शहरात ना ती सोडवणारी? अजून आमच्याकडे पोरं झोपत नसली की आया तिचं नाव घेतात."

वस्तादांनी हात थांबवला. वस्तरा गालावरच राहिला.

"ती माझी बहीण," ते म्हणाले. "निर्दोष सुटली."

"असं का? वाचनात नाही आलं." माणूस आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला. दाढी पूर्ण होईपर्यंत त्यानं खुर्चीचे हात सोडले नाहीत.

दोन वर्षांनी वहिनीचं मन द्रवलं आणि तिनं पत्ता दिला. वस्ताद अर्धा दिवस प्रवास करून तिथे पोचले. आईवेगळ्या बाळांचं एक बालगृह होतं. स्वच्छ धुतलेली फरशी, ओळीनं छोट्या खाटा, दोरीवर वाळणारी दुपटी. धाकटी एका बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. केस पांढरे झाले होते. नोकरीच्या कागदावर तिनं स्वतःचं म्हणून आईचं नाव लावलं होतं, तिथे तिला त्याच नावानं ओळखत.

दारात वस्ताद दिसले तशी ती थबकली. मग बाळ दुसऱ्या बाईकडे देऊन पुढे आली. ओरडली नाही, जा म्हणाली नाही. वस्तादांनी वाटभर शब्द जुळवले होते. मी चुकलो, मला माफ कर, मला वाटलं होतं तुझं भलं होईल. ती वाट पाहत उभी होती, आणि त्यांना कळलं की आपण यातलं काहीही बोललो तरी ती नीट ऐकून घेईल, जशी दिवसभर येणाऱ्या सगळ्यांचं ऐकून घेत असेल.

"दूरवरून आलात," धाकटी म्हणाली. "बसा. पाणी आणते तुम्हाला."

चाळीस वर्षं तिनं त्यांना 'तू' म्हटलं होतं. वस्ताद बाकावर बसले. ती पाणी घेऊन आली, दोन्ही हातांनी पेला पुढे केला, आणि ते पिऊन होईपर्यंत, एखाद्या पाहुण्यासमोर उभं राहावं तशी, बाजूला उभी राहिली.